उत्तर चुकलंय, पण कुठल्या पायरीवर?

सहावीतल्या मुलाच्या चौकटीच्या वहीत एक भागाकार आहे: 4832 ÷ 16. मुलाचं उत्तर 32. त्यावर लाल फुली आणि खाली शेरा, ‘पुन्हा सोडव’. मूल पुन्हा सोडवतं आणि पुन्हा 32 च येतं. यात नवल काही नाही. त्याला पाढा येतो, वजाबाकी येते, आकडा खाली घेणंही येतं. अडतंय एकाच जागी, आणि ती जागा फुलीने दाखवलेली नाही.

पायऱ्या बघा. 48 मध्ये 16 तीनदा, वर 3, बाकी काही नाही. मग 3 खाली घेतला. 3 मध्ये 16 जात नाही. ‘जात नाही’ म्हणजे इथे करण्यासारखं काही नाही, असं समजून मूल पुढचा 2 ही खाली ओढतं. झाले 32. सोळा दुणे बत्तीस, वर 2. उत्तर 32. खरं म्हणजे ‘जात नाही’ हेही उत्तरच आहे आणि ते वर लिहावं लागतं: दशकाच्या घरात शून्य. म्हणून 302.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. भागायला सुरुवात करण्याआधी वर चौकटी आखून घ्यायच्या. पहिला भाग 48 ला लागतोय, 48 चा 8 शतकाच्या घरात आहे, म्हणजे उत्तर शतकापासून सुरू होणार आणि तीन अंकी येणार. तीन चौकटी. त्यानंतर एक नियम: आकडा खाली घेतला की वर एक आकडा लिहायचाच, मग तो शून्य का असेना. शेवटी अंदाज: 4800 ला 16 ने भागलं तर 300, मग 32 कसं येईल? हे न सांगता त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणं दिली, तर मूल दहाही तशीच सोडवतं आणि ती चूक हाताला पक्की बसते.

पाचवी ते आठवीच्या गणितात मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत. तीच दहा-पंधरा वळणं असतात आणि प्रत्येक वळणामागे मुलाचं काहीतरी तर्कशास्त्र असतं. ते ओळखता आलं तर घरी अर्धा तास पुरतो. नाही आलं तर शिकवणीचे दोन तासही वाया.

वर्गात अडचण वेगळी. फळ्यापाशी एक जण उभा, बाकीचे चव्वेचाळीस त्याचं उतरवून घेतायत. वही तपासावी तर सगळ्यांचं उत्तर बरोबर. इथे जुनी पाटी अजूनही फार कामाची आहे. पाटी नसेल तर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातलेला कोरा कागद आणि पुसता येणारं मार्कर चालतं. एक प्रश्न विचारायचा, दीड मिनिट द्यायचा, ‘वर’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. एकदम, कारण एकेकाने वर केली की बाकीचे हुशार पोराची पाटी बघून आपली पुसतात. प्रश्नही असा निवडायचा की चुकीचं उत्तरच दुखणं सांगेल. ‘0.45 मोठा की 0.6?’ या एका प्रश्नावर किती पाट्यांवर 0.45 आहे ते बघितलं की उद्याचा तास कशावर घ्यायचा ते ठरतं. 34 × 27 सारख्या प्रश्नाचा तसा उपयोग नाही. चुकीचं उत्तर पन्नास कारणांनी येऊ शकतं.

आपल्या मराठीचा एक गुंता आधीच सांगून टाकतो, कारण इंग्रजीतून आलेल्या तक्त्यांत तो सापडणार नाही. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात म्हणतो, मग चाळीस. लिहिताना आधी 4, मग 7. घाईत 74 लिहिलं जातं. शिवाय एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. पण कानाला ‘सत्तर’ ऐकू येतं आणि 79 लिहिलं जातं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या वाचनाच्या जोडीला ‘वीस दोन’ असं वाचन आलं, त्यावर केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण हेच सांगितलं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडतात. वाद काही असो, सेमी इंग्रजीत गेलेल्या सहावीच्या मुलाला शाळेत ‘फॉर्टी सेव्हन’ आणि घरी ‘सत्तेचाळीस’ ऐकावं लागतं, हे खरं आहे. त्यामुळे गणित कच्चं आहे असं ठरवण्याआधी एकदा वीस संख्या तोंडी सांगून लिहून घ्या: 47, 74, 69, 79, 63, 36, 59, 89, अशा. चार चुकल्या तर दुखणं गणितात नाही, कानात आहे. रोज दहा संख्यांचं श्रुतलेखन केलं की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो.

आता अपूर्णांक. सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात.

1/2 + 1/3 = 2/5. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मुलाला इथे चार सुट्या संख्या दिसतात, दोन नाहीत. 1/2 ही एक संख्या आहे, तिची संख्यारेषेवर एक जागा आहे, हे अजून त्याच्या मनात उतरलेलं नसतं. म्हणून लसाविकडे धावायच्या आधी एकच प्रश्न विचारा: 2/5 अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? पाचाचं निम्मं अडीच, म्हणजे कमी. मग अर्ध्यात आणखी काहीतरी घातलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? इथे मूल थबकतं. तो थबकण्याचा क्षण फार महत्त्वाचा, तो घाईने भरून टाकू नका.

मग वहीत 12 चौकटींची एक पट्टी आखायची. भाकरी किंवा पिझ्झा घेऊ नका, वर्तुळाचे सारखे तीन भाग हाताने कोणालाच पाडता येत नाहीत. पट्टीची अर्धी म्हणजे 6 चौकटी, तिसरा हिस्सा म्हणजे 4. मिळून 10. म्हणजे 10/12, म्हणजे 5/6. आता विचारा, पट्टी 10 चौकटींची घेतली असती तर? अर्धी जमली असती, तिसरा हिस्सा नाही. दोन्ही भाग नेमके पडतील अशी पट्टी किती चौकटींची हवी, याच प्रश्नाचं नाव लसावि. सगळ्यात लहान पट्टी 6 ची. 12 घेतली तरी चालतं, फक्त शेवटी संक्षिप्त रूप द्यावं लागतं.

शिकवण्यांमध्ये यावर एक झटपट युक्ती देतात, तिरकस गुणाकाराची. वरच्या-खालच्याचा फुलीसारखा गुणाकार करून बेरीज, खाली छेदांचा गुणाकार. उत्तर बरोबरच येतं. पण 5/12 + 7/18 ला लावून बघा: वर 90 + 84, खाली 216, उत्तर 174/216, आणि आता याला 6 ने भागायचं कोणाला सुचणार? लसावि 36 घेतला तर 15/36 + 14/36 = 29/36, संपलं. त्याहून वाईट म्हणजे ही फुली गुणाकारात शिरते. 2/3 × 4/5 चं उत्तर मूल 10/12 लिहितं. दोनाला पाचाने गुणलं, तिनाला चाराने. वहीत असं दिसलं की समजावं, कोणीतरी युक्ती आधी दिलीय आणि अर्थ नंतर द्यायचा राहून गेलाय.

भागाकारातलं ‘उलटं करून गुणा’ हेही तसंच, पाठ असतं पण का ते माहीत नसतं. इथे मात्र मराठी घर मदतीला येतं. 3/4 ÷ 1/8 म्हणजे काय? पाऊण किलो शेंगदाणे आहेत, अदपावाच्या म्हणजे 125 ग्रॅमच्या पुड्या बांधायच्या आहेत, किती होतील? एका किलोत आठ पुड्या, म्हणून पाऊण किलोत आठाच्या पाऊणपट, सहा. ‘एका किलोत आठ’ हे जे आपण मनात म्हटलं, तेच 1/8 उलटं करणं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्याकडे रोजच्या वापरात आहेत. पूर्वी तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, आणि साडेतीनाची औटकी असे पाढेच पाठ असत. ते आता पाठ करवून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण ‘सव्वाशेला दीडपट किती?’ असा प्रश्न भाजी चिरताना विचारायला काय जातं?

दशांश चिन्हाची चूक बरेचदा आपल्याच तोंडून येते. 0.45 आपण ‘शून्य पॉइंट पंचेचाळीस’ वाचतो. मुलाला पंचेचाळीस ऐकू येतात, आणि पंचेचाळीस सहापेक्षा मोठेच असतात. म्हणून चिन्हाच्या उजवीकडचे आकडे सुटे वाचायची सवय लावा: शून्य पूर्णांक चार पाच. तुलना करताना 0.6 च्या पुढे शून्य लावून 0.60 करा, घरं सारखी झाली की भांडण मिटतं.

दुसरा घोटाळा क्रिकेटचा. 8.3 षटकं म्हणजे आठ षटकं आणि तीन चेंडू. दशांश अपूर्णांक नव्हे. धावफलकावर टिंब तेच, पण त्याच्यापुढे सहाच्या हिशोबाने मोजतात, 8.5 नंतर 8.6 न येता 9 येतं. 8.3 षटकांत 51 धावा झाल्या तर धावगती काढायला 51 ला 8.3 ने भागायचं नाही, 8.5 ने भागायचं, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. उत्तर बरोबर 6. हे एकदा समजलं की 2.30 वाजता आणि 2.3 तास यांतला फरक सांगायला वेगळे कष्ट पडत नाहीत: 2.3 तास म्हणजे 2 तास 18 मिनिटं. सातवीच्या मुलांना हा प्रश्न पाटीवर टाकून बघा, निम्म्या पाट्यांवर 2 तास 30 मिनिटं येईल, काहींवर 2 तास 3 मिनिटं.

ऋण संख्यांत एकच वाक्य सगळा गोंधळ घालतं: ‘ऋण ऋण धन’. हे वाक्य गुणाकाराचं आणि भागाकाराचं आहे. मूल ते −5 − 3 ला लावतं, दोन ऋण चिन्हं दिसली म्हणून +8 लिहितं. वाण्याकडे 5 रुपयांची उधारी होती, आणखी 3 रुपयांची केली, तर हातात 8 रुपये येतात का? −8. आणि −5 − (−3) म्हणजे पाचाच्या उधारीतली तीन रुपयांची उधारी वाण्याने माफ केली; राहिली −2. बेरीज-वजाबाकीपुरती उधारी उत्तम चालते. गुणाकाराला मात्र ती ओढूनताणून लावू नका, उधारीला उधारीने गुणलं म्हणजे काय ते वाण्यालाही सांगता येणार नाही. तिथे रांग मांडा:

3 × (−2) = −6
2 × (−2) = −4
1 × (−2) = −2
0 × (−2) = 0
(−1) × (−2) = ?

दर ओळीला उत्तर दोनाने वाढतंय, तर पुढचं 2 च यायला हवं. मुलाने ते स्वतः म्हटलं की पाठ करायला काही उरत नाही.

समीकरणं सातवी-आठवीत जड जातात, पण त्याचं बी चौथी-पाचवीतच पडलेलं असतं. मुलं लिहितात: 15 + 8 = 23 × 2 = 46 − 6 = 40. हिशोब बरोबर, पण बरोबरच्या चिन्हाची माळ झाली. 15 + 8 आणि 40 सारखे कुठे आहेत? मुलासाठी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी खूण असते. तराजूची दोन पारडी सारखी आहेत, असा त्याचा अर्थ पोचलेलाच नसतो. तपासायला हे द्या: 8 + 4 = ☐ + 5. चौकटीत 12 आलं तर समजा दुखणं हेच. उत्तर 7.

पुढे याच मुलाला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असं सांगतात. मग 3क्ष = 12 मध्ये तीन पलीकडे जातात, चिन्ह बदलतात, आणि क्ष = 12 − 3 = 9. सूचना त्याने तंतोतंत पाळलीय! म्हणून निदान पहिले दोन-तीन आठवडे पक्षांतर हा शब्दच काढू नये. 2क्ष + 5 = 17 असेल तर ओळीशेजारी समासात लिहायचं, ‘दोन्ही बाजूंतून 5 काढले’. 2क्ष = 12. ‘दोन्ही बाजूंना 2 ने भागलं’. क्ष = 6. आणि शेवटी पडताळा, मूळ समीकरणात किंमत घालून: 2 × 6 + 5 = 17. पडताळ्याला गुण नसले तरी तो लिहायचा. तपासायला शिक्षक किंवा आई लागत नाही. आता पुस्तकात आणि शाळेत ‘एक्स’ म्हणतात, आपल्या वेळचा ‘क्ष’ ऐकला की मुलं हसतात. हसू द्यात.

बैजिक राशींत 3अ + 2ब = 5अब हे हटकून येतं. काही जण समजावताना म्हणतात, अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं, तीन आंबे आणि दोन बोरं यांची बेरीज होत नाही. ऐकायला छान आहे, पण अक्षर हे वस्तूचं नाव नाही, संख्येच्या जागी बसलेलं आहे. आंबे-बोरं डोक्यात ठेवली तर अ × ब म्हणजे काय? आंबाबोर? त्यापेक्षा संख्या घालून बघायला सांगा. अ = 2, ब = 10. डावीकडे 6 + 20 = 26. उजवीकडे 5 × 2 × 10 = 100. नाही जमत. हीच चाचणी (अ + ब)² = अ² + ब² या आठवीच्या लाडक्या चुकीलाही लागू पडते: 5 आणि 2 घ्या. 7² = 49, आणि 25 + 4 = 29. वीस कुठे गेले? चौकटीच्या वहीत 7 चौकटींचा चौरस काढा, त्यात एका कोपऱ्यात 5 चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात 2 चा. उरलेल्या दोन आयतांत दहा-दहा चौकटी मोजायला मिळतात. त्या दोन आयतांचंच नाव 2अब.

शतमानाबद्दल थोडक्यात: प्रत्येक वेळी ‘कशाचे शेकडा?’ हे विचारायचं. 500 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्के वाढवली, 600 झाली. मग 20 टक्के सूट दिली तर परत 500 नाही, 480, कारण दुसरे 20 टक्के 600 चे आहेत. 400 ला घेऊन 500 ला विकलं तर नफा शेकडा 25, खरेदीवर मोजतात म्हणून. बाकी सूत्रं पुस्तकात आहेत.

शाब्दिक उदाहरणांत मुलं वाचत नाहीत असं म्हणतात. वाचतात, पण शब्द हुडकत वाचतात. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. कारण तिसरी-चौथीत कोणीतरी तसा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. ‘शेतकऱ्याने 12 कॅरेट टोमॅटो विकल्यावर त्याच्याकडे 17 कॅरेट उरले, तर सुरुवातीला किती होते?’ इथे ‘विकल्यावर’ आणि ‘उरले’ दोन्ही आहेत आणि करायची आहे बेरीज. उपाय म्हणून संख्या हाताने झाकायच्या आणि गोष्ट सांगायला लावायची. शेतकऱ्याकडे काही कॅरेट होते, काही गेले, काही राहिले, आधीचे विचारलेत. एवढं सांगता आलं की संख्या उघडायच्या.

व्यस्तप्रमाणातही आकड्यांना हात लावायच्या आधी दिशा ठरवायची. 6 मजूर एक काम 10 दिवसांत करतात, 15 मजुरांना किती दिवस? मजूर वाढले, दिवस वाढतील की कमी होतील? ‘कमी’ असं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं की 25 हे उत्तर आलं तरी मूल स्वतःच खोडतं. 6 × 10 = 60 मजुरांचे दिवस, 15 ने भागले, 4.

आता सराव. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक घटकाखाली सरावसंच असतो, आणि त्यातली उदाहरणं साहजिकच त्याच घटकाची. मूल सरावसंच पूर्ण करतं, सगळं बरोबर, घरचे खूश. परीक्षेत मात्र उदाहरणाच्या डोक्यावर ‘हे समप्रमाणाचं आहे’ अशी पाटी नसते. कुठली रीत लावायची हे ओळखण्याचा सराव झालेलाच नसतो. पुस्तकात त्यासाठी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो, आणि नेमका तोच वेळ नाही म्हणून गृहपाठाला ढकलला जातो. घरी मी असा वाटा सुचवेन: रोज आठ उदाहरणं, पंचवीस-तीस मिनिटं. तीन आज शिकवलेल्यातली, तीन गेल्या आठवड्यातली, दोन महिन्याभरापूर्वीची. क्रम मिसळलेला. रविवारी एकदम तीस सोडवण्यापेक्षा हे बरं. तिसाव्या उदाहरणापर्यंत हात चालत असतो, डोकं नाही. गाईड कपाटात, आणि उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात ती आठही झाल्यावर बघायची.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा प्रश्न वेगाचा असतो. एका पेपरात 75 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. पण घड्याळ लावायचं ते रीत बिनचूक झाल्यावर, शेवटच्या दोन महिन्यांत. आधीच लावलं तर मुलं पर्याय बघून अंदाज करायला शिकतात.

वेग हवा असेल तर पाढे उलटे विचारा. सात अठ्ठे किती म्हटल्यावर जे मूल ‘सात एके सात’पासून सुरू करतं, त्याचा पाढा गाण्यासारखा पाठ आहे, मधूनच उचलता येत नाही. ‘छप्पन्न कुणाकुणाच्या पाढ्यात येतात? बहात्तर?’ असं विचारलं की 8 × 9, 6 × 12, 4 × 18, 3 × 24 हे सगळं जिभेवर येतं, आणि लसावि, मसावि, संक्षिप्त रूप यांना लागतं ते हेच. तीसपर्यंत पाढे पाठ असलेच पाहिजेत हा हट्ट मला पटत नाही. वीसपर्यंत कुठूनही विचारलं तरी आले आणि 25 चा आला, तर आठवीपर्यंत कुठे अडत नाही.

वजाबाकीत हातचा चुकत असेल तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची 6174 ची युक्ती सरावाला घ्या. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. 3524 घेऊ:

5432 − 2345 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 यायलाच हवं, आणि एकदा आलं की तिथेच फिरत राहतं. म्हणजे सात झाल्या आणि आलं नाही, तर कुठेतरी वजाबाकी चुकलीय. मोठ्यांनी सांगायची गरजच नाही. बरेचदा गफलत होते ती 0378 मधलं पुढचं शून्य गाळल्यामुळे, किंवा 1000 − 0001 = 999 आलं की त्याला 0999 न मानल्यामुळे. तीन अंकी संख्यांना हाच खेळ 495 वर थांबतो, पाचवीच्या मुलांना आधी तो द्यावा.

चुकांसाठी एक वेगळी शंभर पानी वही ठेवा. खोडरबर त्या वेळेपुरता बाजूला. चुकलेली ओळ एका रेघेने कापायची, वाचता आली पाहिजे. वहीत उदाहरण उतरवायचं, कुठली पायरी घसरली ते चार शब्दांत लिहायचं, आणि दोन दिवसांनंतरची व आठवड्यानंतरची अशा दोन तारखा टाकायच्या. त्या तारखांना उत्तर झाकून कोऱ्या पानावर सोडवायचं. दोन्ही वेळा बरोबर आलं तर बरोबरची खूण, नाहीतर पुन्हा दोन तारखा. ‘घाईत चुकलं’ हा शेरा मात्र मान्य करायचा नाही. −5 − 3 चे 8 घाईमुळे होत नाहीत. महिनाभराने वही चाळली की पंचवीस चुकांत तीन-चारच जाती दिसतात, आणि शाळेत पालकसभेला जाताना ‘गणित कच्चं आहे’ऐवजी ‘कंसाबाहेरचं ऋण चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लावत नाही’ असं सांगता येतं. शिक्षकाला त्यावर काहीतरी करता येतं.

ज्या आई-बाबांना स्वतःला आता हे गणित आठवत नाही, त्यांनाही ही वही चालवता येते. उत्तर माहीत असण्याची गरज नाही. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ‘ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?’ एवढंच विचारायचं. फक्त हे बरोबर उदाहरणांवरही विचारा, रोज निदान दोनदा. नाहीतर मुलं आठवड्याभरात ओळखतात की बाबांनी बोट ठेवलं म्हणजे तिथे चुकलंय, आणि विचार न करता ती ओळ खोडायला लागतात.